एडिटर आवडीचा, पॅकेज विश्वासाचे

आयआयटी भिलाईची स्थापना 2016 मधली. तिथला असो वा अन्य कुठला, नवा विद्यार्थी लिनक्सच्या टर्मिनलपाशी आला की पहिला वाद हमखास रंगतो तो एडिटरचा : व्हिम की नॅनो? नॅनोमध्ये आवश्यक कळा पडद्याच्या तळाशीच दिसतात, त्यामुळे आरंभ सोपा. व्हिमचा पूर्वज ‘व्हीआय’ 1976 मधला. त्याचा एखादा वारसदार बहुतेक लिनक्स यंत्रांवर सापडतो, म्हणून दूरच्या महासंगणकावर काम करताना त्याची तोंडओळख उपयोगी पडते. एवढे जाणून आवडेल तो निवडावा.

खरी कसोटी पॅकेज बसवताना लागते. एडिटर चुकला तर वेळ जातो. पॅकेज चुकले तर यंत्रच परक्याच्या हाती जाऊ शकते, कारण ‘सूडो’ लावून दिलेल्या आज्ञेला संपूर्ण यंत्राची मुखत्यारी मिळते. ‘एप्ट’ भांडारातील पॅकेजसूचीची डिजिटल स्वाक्षरी पडताळतो. अनोळखी संकेतस्थळावरून उचललेल्या आज्ञेला ती चाळणी नसते.

अर्थात, चाळणीही अभेद्य नाही. मार्च 2024 मध्ये फायली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’च्या 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा आढळला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधला. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद अधिक का लागतो, या प्रश्नाचा त्यांनी पाठपुरावा केला होता.

म्हणूनच प्रयोगशाळेत एडिटरच्या कळांबरोबर आणखी एक सवय लावली पाहिजे : पॅकेज कुठून आले आणि त्याची जबाबदारी कोण घेतो, हे आज्ञा देण्यापूर्वी विचारण्याची.