बंदूक नसलेला बहिष्कार

मतदानावर बहिष्कार घालणारे आपल्या राज्यात दोन ठिकाणी राहतात. पहिले गडचिरोलीच्या जंगलात. ते लाल अक्षरांचे फलक लावतात, झाडे आडवी पाडून रस्ते अडवतात, सुरुंग पेरतात. त्यांच्या बंदोबस्तासाठी सरकारने फौजा ठेवल्या आहेत आणि त्यांना देशद्रोही म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. दुसरे राहतात महामार्गाच्या कडेला. मतदानाच्या सुट्टीत ते उन्हे वर येईपर्यंत झोपतात, नाहीतर आदल्या रात्री आलेले पाकीट कपाटात ठेवून सकाळी सांगितलेले बटण दाबून येतात. यांना काय म्हणायचे? हा प्रश्न मी गडचिरोलीला विचारत नाही. भिवंडीजवळच्या वडप्याच्या नाक्यावर, माझ्याच माणसांना विचारतो आहे.

आधी गडचिरोलीचे ऐका. २००९ सालच्या विधानसभा निवडणुकीचे मतदान १३ ऑक्टोबरला होते. त्याच्या पाच दिवस आधी, ८ ऑक्टोबरला, भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी पोलिसांच्या तुकडीला घेरले आणि १७ पोलीस ठार केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मरकेगावला १५ आणि मे महिन्यात हत्तीगोट्याजवळ १६ पोलीस मारले गेले होते. इतकी प्रेते उचललेल्या जिल्ह्यात निवडणूक पुढे ढकलली असती, तर कोणी बोट दाखवले नसते. पण मतदान ठरल्या दिवशीच झाले आणि माणसे रांगेत उभी राहिली.

तिथे मतदान म्हणजे काय, हे जरा जवळून पाहा. दुर्गम केंद्रांवरची पथके आधीच हेलिकॉप्टरने निघतात. हेलिकॉप्टर उतरते तिथून पुढे यंत्राची पेटी हातात घेऊन शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक जंगलातून पायी चालतात. पुढेमागे सशस्त्र जवान असतात. राज्यात बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहापर्यंत मतदान चालते, तिथे दुपारी तीनलाच संपते, कारण अंधार पडायच्या आत सुरक्षित जागी पोचायचे असते. गावकरी पहाटे निघून कोसभर, दोन कोस चालत येतात. रात्री पुन्हा त्याच जंगलाला लागून असलेल्या घरात त्यांना झोपायचे असते आणि बोटावरची शाई काही त्या रात्रीत पुसली जात नाही. तरीही २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेच्या मतदानात त्या जिल्ह्याने सत्तर टक्क्यांचा आकडा मागे टाकला. राज्याची सरासरी ६६ टक्के होती. मुंबई शहर ५२ टक्क्यांच्या आसपास घुटमळले आणि आपल्या भिवंडी शहरातले मतदारसंघही निम्म्याच्याच आगेमागे राहिले. आपल्याकडे सुरुंग नव्हते, रिक्षा होत्या.

मी गडचिरोलीची आरती ओवाळत नाही. २०२४ च्या निवडणुकीत अहेरीत धर्मरावबाबा आत्राम, त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रिशराव असे एकाच घराण्यातले तिघे आमनेसामने होते. मतदानाला अडीच महिने असताना, त्याच अहेरी तालुक्यात एका आदिवासी जोडप्याने तापाने गेलेल्या दोन लेकरांचे मृतदेह खांद्यावर टाकून चिखलातून घर गाठले. मतयंत्राला हेलिकॉप्टर मिळते, लेकराच्या कलेवराला शववाहिका मिळत नाही. एवढे सोसूनही तिथला माणूस मत द्यायला जातो. त्याच्याजवळ दुसरे काही नाही आणि जे आहे त्याची किंमत त्याला कळते.

आता वडप्याकडे वळू. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे गाव. पलीकडे आमणे, जिथे नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग येऊन संपतो. आजूबाजूला भाताची खाचरे होती, तिथे आता पत्र्याची गोदामे आहेत. देशभरच्या मालाची इथे चढउतार होते. ज्याचे चार गुंठे गेले त्याच्या दारात गाडी आली. पैसा आला याचे मला दुःख नाही. पैशाबरोबर जी अक्कल आली, तिचे आहे. गोदामात प्रत्येक खोक्यावर किंमत असते हे पाहून पाहून आपण स्वतःवरही चिठ्ठी चिकटवून घेतली. महामार्गालगतच्या गावांत निवडणुकीआधीच्या रात्रीला ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात आणि म्हणणारा हसतो. घरात मते किती, यावर हिशोब ठरतो. शिकलेला मुलगा बापाला विचारतो, “आपले आले का?” लाच देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, हे त्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. लक्ष्मीचे नाव देऊन आपण चोरीचा प्रसाद केला आहे.

आणि हेच लोक वडपे ते माजिवडा रस्त्यावर अडकले की व्यवस्थेला शिव्या घालतात. रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, खड्ड्यांत गाड्या आदळतात, कोंडीत रुग्णवाहिका अडकते, हे सगळे खरे. पण जाब विचारायला तोंड लागते आणि ते तोंड आदल्या रात्रीच बंद झालेले असते. ज्याने तुमचे मत रोख मोजून घेतले, तो तुमचे देणे लागत नाही. व्यवहार तिथेच मिटला.

इथवरची आपली गोष्ट लोभाची आहे. पुढची पापाची आहे.

वडपे ज्या भिवंडी ग्रामीण मतदारसंघात येते, तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. आरमोरी, गडचिरोली आणि अहेरीही राखीव आहेत. महाराष्ट्रात सरकारने अतिमागास ठरवलेल्या आदिम जमाती तीन: माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी. माडिया भामरागडच्या जंगलात राहतात. कातकरी आपल्या गावाच्या वेशीवर राहतात. त्या माडियांना मत देण्यापासून अडवायला बंदूक लागली. या कातकऱ्यांना अडवायला आपल्याला एक वही पुरते.

ती वही अशी. पितृपक्षाच्या सुमारास, घरातले धान्य संपत आले की भट्टीवाल्याचा माणूस कातकरी वाडीवर येतो आणि जोडप्यामागे काही हजार बयाणा हातावर ठेवतो. दिवाळी उरकली की नवरा, बायको, पोरे, कोंबड्या आणि भांडी टेम्पोत भरून वीटभट्टीवर जातात. आठवड्याला खर्ची मिळते. दर हजार विटांची मजुरी वहीत लिहिली जाते आणि वही लिहिणारा एक, वाचणाराही तोच. पावसाळ्याच्या तोंडाशी हिशोब होतो तेव्हा ‘फिटले नाही’ असे ऐकून माणूस पुढच्या वर्षासाठी बांधला जातो. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा आहे. वह्या अजून चालू आहेत.

२०२४ मध्ये दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी झाली आणि मतदान २० तारखेला. म्हणजे मतदारयादीत नाव वाडीवर आणि माणूस भट्टीवर. मतदानाच्या दिवशी रोजंदारीच्या मजुरालाही भरपगारी सुट्टी द्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. चिखल तुडवणाऱ्या कातकरणीला ही सुट्टी द्यायला किती मालक भट्टीवर गेले? किती पक्षांनी गाड्या पाठवल्या? जिथे गाड्या गेल्या, तिथे त्या मतदाराला आणायला गेल्या की मत आणायला? राखीव जागेचा उमेदवार आदिवासी हवा, एवढे कायद्याने ठरवले. प्रचाराच्या बैठकीत आदिवासीने कुठे बसायचे, हे समाजावर सोडले. समाजाने त्याला दाराशी, चपलांच्या शेजारी बसवले आणि खुर्च्या जमीनवाल्यांना दिल्या.

याच ठाणे जिल्ह्याने एकेकाळी वेठीविरुद्ध मान वर केली होती. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, तिथे वारली आदिवासी आले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर त्यांनी सावकार-जमीनदारांची वेठ झुगारली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण मेले. त्या काळी मत देण्यासाठी जमीन, कर किंवा शिक्षण यांची अट होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मताधिकार मागितला होता. तो मिळाला, अट गेली. आपण ती मागच्या दाराने परत आणली: ज्याच्याकडे जमीन तो मते विकत घेतो, ज्याच्याकडे काहीच नाही तो विकतो किंवा भट्टीवर असतो.

मला उत्तर मिळते, “सगळेच घेतात, एकट्याने सोडून काय होणार?” नक्षलवाद्याच्या धाकाने घरात बसलेल्या माणसाने असे म्हटले, तर मी मान खाली घालीन. त्याचा जीव पणाला लागलेला असतो. तुमचे काय लागले होते?

आता गडचिरोलीत बंदूक खाली पडते आहे. १५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षलवाद्यांचा नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आहे, कारखाने येत आहेत आणि समृद्धी महामार्ग गडचिरोलीपर्यंत नेण्याची योजना आहे. उद्या तो रस्ता थेट आपल्या दाराशी जोडला जाईल. त्या रस्त्याने इकडून तिकडे काय जाणार आहे? बंदुकीच्या धाकातून सुटलेल्या माडियाला आपण शेठ, बयाणा आणि पाकीट यांच्या ताब्यात देणार का? त्याने जिवावर उदार होऊन जपलेले मत पाचशेच्या नोटेवर घालवायला शिकवणारे गुरू आपल्याच तालुक्यातून जाणार असतील, तर नक्षलवाद्यांनी लोकशाहीचे जे केले नाही ते आपण करू.

म्हणून तीन गोष्टी मागतो. पुढची निवडणूक ग्रामपंचायतीची असो की विधानसभेची, पाकीट घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवा आणि तो कोण होता, हे ग्रामसभेत उभे राहून सांगा. मतदानाच्या आधी आपल्या हद्दीतल्या कातकऱ्यांची यादी ग्रामसभेत वाचा आणि कोण कोणत्या भट्टीवर आहे ते लिहून काढा. त्या दिवशी भट्ट्या बंद ठेवायला लावा, मजुरी भरून घ्या आणि गोदामांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी दोन गाड्या त्या माणसांना आणायला पाठवा. गाडीत कोणत्याही पक्षाचा माणूस बसणार नाही. बटण कोणते दाबायचे, हे कोणी सांगणार नाही.

एवढे जमत नसेल तर नक्षलवाद्यांना नावे ठेवणे बंद करा. ते बहिष्कार निदान उघड घालत होते.