खटका पडतो तेच बरं!

मायक्रोवेव्ह सुरू केला की खटका पडतो, असं कुणी म्हणालं की आमच्याकडे एकच सल्ला मिळतो : "सोळाचा काढा, बत्तीसचा बसवून टाका, भाऊ!" या सल्ल्याला माझा सक्त विरोध आहे.

एमसीबी मुख्यतः भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर जुनीच ठेवून तो मोठा केला, तर वायर तापत राहील आणि खटका गप्प बसेल. ही कसली दुरुस्ती? पहारेकऱ्याला झोपेची गोळी देण्यातला हा प्रकार!

त्यापेक्षा साधी बेरीज करा. ८०० वॅटचा म्हणून घेतलेला ओव्हन ओढतो सुमारे १२०० वॅट. त्याच लाइनवर २००० वॅटचा गीझर आणि १००० वॅटची इस्त्री चालू असेल, तर २३० व्होल्टला १८ अँपिअर होतात. सोळाची मर्यादा ओलांडली, खटका पडू शकतो. ओव्हनला स्वतंत्र लाइन द्या.

एकटा लावूनही, दुसऱ्या लाइनवरही खटका पडत असेल, तर दोष ओव्हनमध्ये आहे. दार उघडताना-लावतानाच पडत असेल, तर दाराच्या स्विचवर संशय घ्या. पण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

२९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उशाशी असलेल्या आम्हा चंद्रपूरकरांना विजेची ताकद वेगळी सांगायला नको. चहा दोन मिनिटं उशिरा गरम झाला तरी चालेल, घर पेटलेलं चालणार नाही.