मैदान वाचले, गोठ्याचे काय?

मार्गशीर्षाचा कृष्ण पक्ष सुरू झाला, की साताऱ्याहून कोरेगावमार्गे वर्धनगडचा घाट चढून खटाव तालुक्यात शिरणारा आणि सांगलीहून तासगाव, विटा, मायणी, वडूज असे टप्पे घेत येणारा, असे दोन्ही रस्ते पुसेगावच्या दिशेने वाहू लागतात. येरळेच्या काठच्या या गावी सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. नोटांच्या माळांनी झाकून गेलेला रथ भाविक ओढतात, खिलार जनावरांचा बाजार लागतो, आणि यात्रेच्या निमित्ताने बैलगाड्यांच्या शर्यतींचे मैदान रंगते. ‘हिंदकेसरी’ हा किताब आपल्या दावणीला यावा म्हणून परजिल्ह्यांतले गाडीमालकही वर्षभर बैल राखतात आणि आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात. पहाटेच्या काळोखात टेम्पो मैदानाकडेच्या एखाद्या बांधाला पाठ लावून उभा राहतो, फाळका उघडतो, आणि पाचटाच्या जाड थरावर रात्रभर उभा असलेला झूल पांघरलेला बैल, घरातल्या पोराचा हात मानेवर असल्याखेरीज पाऊल टाकीत नाही. बांधावर उतरून तो प्रथम माती हुंगतो, मग अंग झटकतो, आणि मगच त्याच्यापुढे पाण्याची बादली येते.

या मैदानाचा मी पक्षपाती आहे, हे आरंभीच नमूद करतो. परंतु ज्या युक्तिवादाच्या बळावर हे मैदान न्यायालयात तरले, त्या युक्तिवादाने आपल्यावर एक ऋण ठेवले आहे, आणि ते फेडण्याची कोणतीही ठोस तजवीज अद्याप झालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शर्यत टिकली तर देशी गोवंश टिकेल, असे आपण शासनास, विधिमंडळास आणि अखेरीस न्यायासनास सांगितले. आता शर्यत टिकली आहे, तेव्हा गोवंशाचा हिशेब देणे क्रमप्राप्त आहे.

त्या न्यायालयीन प्रवासाचा धागा थोडक्यात असा. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने, ज्या प्राण्यांचे प्रदर्शन व खेळ निषिद्ध आहेत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या प्रकरणात निर्णय देताना महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. २०१७ साली राज्याच्या विधिमंडळाने १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना मुभा दिली खरी. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिला अटकाव केल्यामुळे ती मुभा कागदावरच राहिली. या काळात माणदेशातील असंतोष किती तीव्र होता, याची साक्ष आटपाडी तालुक्यातील झरे गावाने दिली: ऑगस्ट २०२१ मध्ये आमदार गोपीचंद पडळकर यांनी तेथे शर्यत जाहीर केली, प्रशासनाने मनाई हुकूम काढला, गावोगाव बंदोबस्त बसला, आणि तरीही भल्या पहाटे शर्यत उरकली गेली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह अंतरिम परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. त्या दिवशी गावोगाव गुलाल उधळला गेला, आणि तो रास्तच होता.

ज्यांनी हे मैदान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात बैलांची शर्यत एकाच पद्धतीने होत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत घाटाच्या चढणीवर एकेक गाडा घड्याळाशी झुंजतो आणि पुढे घोडी धावते. विदर्भातील शंकरपटाची तऱ्हा आणखी वेगळी. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर आखलेल्या तासांतून पाच-सात छकड्या एकदम सुटतात, चिठ्ठ्या टाकून गट पाडले जातात, गटातली पहिली गाडी सेमीला जाते, सेमीतली फायनलला, आणि झेंडापंचाच्या निशाणापासून रेषेपर्यंतचा सगळा मामला पापणी लवते न लवते तोच आटोपतो. दोन चाके आणि जू एवढाच जिचा संसार, अशा त्या हलक्या छकडीवर गुडघे मोडून बसलेला गाडीवान कासऱ्याच्या ओढीने आणि तोंडाच्या आवाजाने बैलांना आपल्या तासात ठेवतो. तास सुटला की गाडी बाद. ओठ दुमडून घातलेली त्याची शीळ ओळखून बैल कान मागे टाकतात, ही गोष्ट मी अगदी दोरीलगत उभा राहून पाहिली आहे, आणि पराणीवाचून बैल पळत नाही असे म्हणणाऱ्यांनी ती एकदा अवश्य पाहावी.

या खेळात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पैरा. एकेका बैलाचे दोन धनी आपापला बैल एकत्र जुंपून आळीपाळीने एकमेकांची शेते नांगरीत, ही दुष्काळी मुलखातील गरिबाची जुनी सोय; नांगर गेला, तरी मैदानावर तीच रीत जिवंत राहिली आहे. एका गावचा बैल दुसऱ्या तालुक्यातील बैलाशेजारी जुंपला जातो, दोघांची चाल जुळते की नाही हे सरावात ताडून पाहिले जाते, आणि जिंकलेले बक्षीस दोन दावणींत विभागले जाते. जातीपातीच्या आणि पक्षापक्षांच्या भिंती उभ्या असलेल्या आजच्या ग्रामजीवनात, केवळ बैलाची चाल पाहून दोन अपरिचित घरांनी परस्परांवर विश्वास टाकावा, ही सामान्य बाब नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. खिलार ही माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पर्जन्यछायेतील मुलखाने घडविलेली जात. कडब्याच्या चार पेंड्यांवर आणि खडकाळ माळावरच्या गवतावर जगणारी, उन्हाला न डगमगणारी, पायाने चपळ आणि स्वभावाने तापट अशी ही जनावरे पिढ्यान्‌पिढ्या निवडीने तयार झाली, आणि ही निवड कोणा प्रयोगशाळेत न होता म्हसवड, खरसुंडी, आटपाडी, पुसेगाव येथील यात्रांच्या बाजारांत झाली. सिद्धनाथाच्या यात्रेत दात पाहून, वशिंड पाहून, शिंगांचा डौल आणि खुरांची ठेवण पाहून खोंड निवडणारा शेतकरी हाच या जातीचा खरा शास्त्रज्ञ होय.

त्या शेतकऱ्याच्या दारातून बैल का गेला, याचे कारण शर्यतबंदी हे एकच नव्हते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी कोरड्या तालुक्यांत चढविले, डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ ट्रॅक्टर आला. पाणी आले याचा आनंद मानायचाच. परंतु नांगरणी, कुळवणी, पेरणी ही बैलाची कामे एकामागून एक संपत गेली. दुसरीकडे दूध संघाच्या डेअरीने घरखर्चाचा भार उचलला, आणि डेअरीच्या मापात खिलार गाय कधीच बसली नाही. तिचे दूध वासराला पाजून उरेल तेवढेच. ज्या गोठ्यात पूर्वी दोन खिलार गाई असत त्या गोठ्यात आता संकरित गाई उभ्या आहेत, आणि त्यासाठी शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अशा परिस्थितीत शर्यतीने खिलार खोंडाला पुन्हा भाव आणला, हे निर्विवाद सत्य आहे. परंतु तो भाव कोठे पोहोचतो, हे नीट पाहिले पाहिजे. माणदेशातील एखादा शेतकरी गाय राखतो, तिला दुष्काळी छावणीतून तगवतो, वर्षाचा खोंड बाजारात विकतो; पुढे तो खोंड दोन-तीन हातांतून फिरून, सराव आणि खुराक मिळून, नामवंत मैदानी बैल होतो, त्याच्या नावाने फलक लागतात, बकासुरासारख्या बैलाचे नाव पोराटोरांच्या तोंडी होते, आणि त्याची किंमत लाखांत बोलली जाते. २०२३ साली खानापूर तालुक्यातील भाळवणीत पहिले बक्षीस म्हणून थार गाडी ठेवण्यात आली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात कवठेमहांकाळ तालुक्यातील बोरगावात फॉर्च्युनर. आयोजकांच्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की या सर्व वैभवातला एक पैसा तरी त्या बैलाच्या आईपर्यंत, म्हणजे ती गाय ज्याने सांभाळली त्या घरापर्यंत, पोहोचतो काय? जी जात राखण्याच्या नावाने खेळ चालतो, त्या जातीची जननी जर खेळाच्या जमाखर्चात कोठेच नसेल, तर काही वर्षांनी मैदाने राहतील, बक्षिसे राहतील, आणि पळवायला उत्तम खोंड मिळेनासा होईल.

यावर उपाय दुर्लभ नाही. घोड्यांच्या शर्यतींत अस्सल रक्ताच्या घोड्यांची वंशावळ इंग्लंडात १७९१ पासून छापील नोंदवहीत ठेवली जाते, आणि फ्रान्समध्ये जिंकलेल्या घोड्याच्या पैदासकारास मालकाहून निराळे बक्षीस देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला मारण्याची व्यवस्था शासनाने आधीच उभी केली आहे. त्या बिल्ल्याच्या आधारे प्रत्येक खोंडाची आई, बाप आणि जन्माचा गोठा यांची नोंद ठेवावी; मैदानाच्या परवान्याची दरखास्त करतानाच, बक्षिसाच्या एकूण रकमेचा किमान दहावा हिस्सा विजेत्या बैलांच्या पैदासकारांसाठी राखून ठेवल्याचे लेखी कलम आयोजकांनी जोडावे; आणि फायनलच्या आधी, गर्दी पूर्ण भरलेली असताना, उत्तम खिलार गाईंचे प्रदर्शन भरवून त्यांच्या धन्यांचा त्याच व्यासपीठावर, त्याच तोलाच्या इनामाने सत्कार व्हावा. काही आयोजकांच्या तोंडी आता गोवंश-संवर्धनाची भाषा येऊ लागली आहे. ती स्वागतार्ह आहे. पण परवान्याच्या अटीत उतरेपर्यंत ती सदिच्छाच राहील.

दुसरा प्रश्न क्रौर्याचा. प्राणिप्रेमी मंडळींचे आक्षेप शहरी लोकांचे चोचले म्हणून उडवून लावणे मला मान्य नाही. शेपूट पिरगाळणे, खिळ्याची पराणी टोचणे, विजेचा झटका देणारी बॅटरी लावणे, हे प्रकार मैदानांवर झाले आहेत, हे प्रत्येक जुन्या शौकिनाला ठाऊक आहे. आणि बक्षीस जितके मोठे तितका हा मोह बळावतो. नियम पुरेसे कडक आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, पशुवैद्यकाचा दाखला हवा, धाव एक हजार मीटरांहून अधिक नको, गाडीवानाच्या हाती काठी, चाबूक वा विजेचे साधन नको; कसूर केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. उणीव आहे ती अंमलबजावणीत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरनजीकच्या चेट्टिपालयमच्या मोटार शर्यतींच्या धावपट्टीवर कोणतीही गाडी तांत्रिक तपासणीखेरीज उतरत नाही. निर्जीव यंत्राचा एकेक भाग जेथे पारखला जातो, तेथे सजीव बैलाच्या दाखल्यावर न पाहता सही होणे हे आपणांस शोभत नाही. सुटीच्या जागी आणि रेषेपलीकडे, दोन्हीकडे पशुवैद्यक उभा असावा, निकालासाठी लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण तपासणीसाठी जपून ठेवावे, आणि बॅटरी सापडलेल्या गाडीवानास त्या दिवसापुरते नव्हे, तर सर्वच मैदानांवरून कायमचे बाद करावे. हा आग्रह खेळाच्या विरोधकांनी धरण्यापूर्वी शौकिनांनीच धरला पाहिजे, कारण एका मैदानावरचा एक रक्ताळलेला बैल साऱ्या राज्यातली मैदाने पुन्हा बंद पाडू शकतो.

या सुधारणांचा आरंभ पुसेगावने करावा, अशी माझी विनंती आहे. ज्या देवस्थानाच्या यात्रेत शर्यत आणि जनावरांचा बाजार एकाच गावात, एकाच आठवड्यात भरतो, तेथे मैदानाचा विजेता आणि बाजारातला पैदासकार यांची गाठ घालून देणे सर्वांत सोपे आहे. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पशुसंवर्धन खात्यास, गाडीमालकांच्या संघटनांस आणि यात्रा समित्यांस एकत्र बसवून पुढील हंगामाच्या परवान्यांचा मसुदा आतापासून तयार करावा, आणि त्यात पैदासकाराच्या हिश्शाचे कलम पहिल्या क्रमांकावर घालावे. बैल राखण्याचा हक्क आपण न्यायालयात झगडून मिळविला; गाय राखण्याचे कर्तव्य त्याच हक्काच्या पोटात आहे, आणि ते आपल्यावर लादायला न्यायालय येईल याची वाट पाहणे खिलार मुलखाला कमीपणा आणणारे ठरेल.