माशीची उंची

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सिंधुदुर्गातल्या पोलीस ठाण्यांत शेतीसंरक्षणाच्या बंदुका जमा होऊ लागतात. बंदुकीचा नंबर, परवाना आणि मुदत पाहून नोंद होते, पावती मिळते. ती बंदूक मारते नेमकी कुठे, हे मात्र कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. ते लिहिलेले असावे असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी आज नळीच्या टोकावरच्या माशीबद्दल लिहितो. सुरुवात रिव्हॉल्व्हरपासून करतो, कारण माशीचा खरा हिशेब तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणले की झाला नेम, असे आपण समजतो. नळीही त्याच रेषेत असणार, हेही गृहीत धरतो. जड गोळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तसे नसते. माशी खाचेपेक्षा उंच ठेवलेली असते, त्यामुळे नेम धरलेला असताना नळीचे तोंड लक्ष्याच्या खाली रोखलेले असते. कारण धक्क्यात आहे. नळी मुठीच्या वर असते. दारू पेटली की धक्का नळीच्या रेषेत मागे येतो, पण हाताची पकड त्या रेषेच्या खाली असते. म्हणून रिव्हॉल्व्हर मागे सरकता सरकता वर उसळते, आणि हे उसळणे गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच सुरू झालेले असते. गोळी जितकी जड आणि संथ, तितकी ती नळीत जास्त वेळ रेंगाळते आणि तितके तोंड वर उठते. हा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचा, पण तेवढा पुरतो. म्हणून जवळच्या अंतरावर जड गोळी हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते.

त्यावरचा उपायही उलटाच वाटतो. गोळी खाली आणायची तर माशी उंच करायची आणि वर न्यायची तर कमी करायची. मालवणीत सांगायचे तर, 'माशी वर केलंस तर गोळी खाली येतली.' किती, याचे गणित शाळेतल्या त्रैराशिकाइतके सोपे आहे. खाच आणि माशी यांत 200 मिलिमीटर अंतर आहे आणि 25 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर वर लागते असे धरा. माशी 0.8 मिलिमीटरने वाढवली की झाले. एका मिलिमीटरलाही न भरणारा हा फरक लक्ष्यावर जवळजवळ अर्धी वीत होतो.

अमेरिकेत वायोमिंगच्या जॉन लाइनबॉ या कारागिराने 1980 च्या दशकात साध्या रिव्हॉल्व्हरला नवी नळी आणि सहाऐवजी पाच घरांचे चक्र बसवून .500 आणि .475 बोअरची रिव्हॉल्व्हरे घडवली. घर एक कमी केले, कारण एवढ्या जाड काडतुसांची सहा घरे पाडली तर मधल्या भिंती पातळ होतात. त्यांतल्या गोळ्या 25 ग्रॅमच्या पुढे जातात. .44 मॅग्नमची नेहमीची गोळी साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास असते. एकाच कारागिराच्या हातच्या दोन रिव्हॉल्व्हरांवर माशीची उंची वेगळी दिसते ती यामुळेच. मालक कोणते काडतूस वापरणार, नळी किती लांब, तिचा बाहेरचा घेर किती, मुठीचा आकार कसा, यावर ती ठरते. स्थिर माशी असेल तर जाणता कारागीर ती मुद्दाम उंच सोडतो. मालकाने आपले काडतूस ठरवायचे, कागदावर मारून पाहायचे आणि मग कानशीने थोडे थोडे उतरवत जायचे. घासून घेता येते, घासलेले परत लावता येत नाही. या कामातला संयम मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे रिव्हॉल्व्हरचे असे रूपांतर होत नाही, आणि न झालेलेच बरे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्र बनवण्याइतकेच त्याचे रूपांतर आणि दुरुस्ती यांनाही परवाना लागतो. विनापरवाना नळी कापून आखूड करण्याला सहाव्या कलमाने मनाई आहे. सरकारी कारखान्यांचे .32 रिव्हॉल्व्हर, 2014 मध्ये आलेले निर्भीक धरून, ठरावीक काडतुसावर चालते, म्हणून एका उंचीच्या माशीवर भागते. लष्कराने मात्र हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या थ्री नॉट थ्रीच्या माश्या निरनिराळ्या उंचीच्या येत, त्यांवर आकडा कोरलेला असे, आणि शस्त्रागारातला माणूस रायफल मारून बघून योग्य ती बसवी.

आता आपल्या रानात या. त्याच शस्त्र कायद्याचे तेरावे कलम शेतीसंरक्षणासाठी आधी ठासणीच्या बंदुकीचा विचार करते, ती अपुरी ठरत असेल तर गुळगुळीत नळीच्या काडतुसी बंदुकीचा. ठासणीच्या बंदुकीत दारूचे माप माणसाच्या हातात असते. आज चिमूट जास्त, उद्या कमी. दारू बदलली की वेग बदलतो, धक्का बदलतो, मार बदलतो. माशी मात्र आजोबांच्या काळापासून तीच, किंवा कधीतरी झिजून अर्धी झालेली. काडतुसाची बारा बोअरही एकगोळीचे काडतूस घातले की एका जागी मारते आणि छर्रे घातले की दुसऱ्या. वारसाने बंदूक आली, परवाना नावावर झाला, पण नेम कोणी तपासला?

भाताची नासाडी करणारे डुक्कर किंवा नारळ पाडणारी माकडे यांनी शेतकरी किती पिचला आहे ते मला ठाऊक आहे, आणि त्याचा बंदुकीवरचा हक्क मी नाकारत नाही. पण डुकरावर बार टाकायलाही वनखात्याचे नियम आहेत, गवा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आपल्या बागा मोकळ्या माळावर नाहीत. काजूच्या बागेपलीकडे पाणंद, पाणंदीपलीकडे कोणाची तरी पडवी असते. चुकलेली गोळी तिथवर जाते. अर्धवट लागलेले जनावर तर आणखी वाईट, ते चवताळून कुठेही शिरते.

2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणले, ते चांगले झाले. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. मग पाच वर्षांतून एकदा, नूतनीकरणाच्या वेळी, प्रत्येक धारकाने आपल्याच बंदुकीने आणि आपण वापरतो त्याच काडतुसाने किंवा दारूच्या त्याच मापाने कागदावर तीन बार मारून दाखवावेत. मागे मातीचा उंच बांध असलेली मोकळी जागा, ओरोसच्या पोलीस मुख्यालयातला एक जाणकार शस्त्र हवालदार आणि परवानाधारक दुरुस्ती कारागीर एवढे पुरे. मार वर जात असेल तर किती वर, कोणत्या काडतुसाने, किती अंतरावर, हे परवान्याच्या मागे लिहावे. माशी झिजलेली असेल तर ती बदलल्यावरच शिक्का मारावा. कागदाचा खर्च जिल्हा प्रशासनाने उचलावा, आणि पहिली फेरी भात पोटरीला येण्याआधी, श्रावणात घ्यावी.