वेबसाइटचा धंदा : भांडवल थोडे, अमानत मोठी



बीसीए किंवा संगणकाचा एखादा कोर्स करून घरी बसलेली मुले-मुली आज आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत दिसतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जायचे तर पगारातला मोठा भाग राहण्या-खाण्यात जातो. मुलगी असेल तर घरचेच तयार होत नाहीत. अशांसाठी आसपासच्या दुकानदारांना, क्लासेसना, शाळांना वेबसाइट करून देण्याचा व्यवसाय हा हलाल रोजीचा चांगला मार्ग आहे. लॅपटॉप आणि इंटरनेट असले की काम सुरू होते. गाळ्याचे डिपॉझिट नाही, माल भरायचा नाही. त्यामुळे व्याजी कर्जाच्या वाटेला जाण्याचीही गरज नाही. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर 2003 पासून मोफत मिळते आणि जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. मन लावून बसले तर ते घरी शिकता येते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

डोमेन कोणाच्या नावावर?

माझ्या एका माजी विद्यार्थिनीने गावातल्या एका केटरिंगवाल्यांना छान वेबसाइट करून दिली. घाईत डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, तिने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतले. पुढे तिचे लग्न झाले, ती दुसऱ्या शहरात गेली, जुना ईमेल उघडायचे बंद झाले. डोमेनचे पैसे ठरावीक मुदतीने भरावे लागतात. आठवणीचे ईमेल येत राहिले, पण वाचणारे कोणी नव्हते. लग्नसराईच्या तोंडावर वेबसाइट बंद पडली. त्या गृहस्थांनी पत्रिकेपासून टेम्पोपर्यंत सगळीकडे तोच पत्ता छापला होता. मुलीच्या मनात काही वाईट नव्हते, तरी नुकसान त्यांचे झाले आणि बोल तिला लागला.

डोमेन म्हणजे दुकानाची पाटी. पाटी रंगवणाऱ्याने ती स्वतःच्या घरी ठेवत नाहीत. डोमेन आणि होस्टिंग गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेल व मोबाइलवर घ्यावे. काम संपले की सगळे पासवर्ड कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावेत आणि मुदत कधी संपते ती तारीखही लिहावी. काही लोक गिऱ्हाईक सुटू नये म्हणून मुद्दाम पासवर्ड देत नाहीत. ही अमानतीत खयानत आहे. चांगले काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक आपणहून परत येते.

आपल्या माणसाशीही लेखी

पहिली कामे बहुधा नात्यातूनच येतात आणि भांडणेही तिथेच होतात. ‘बेटी, तू आपलीच आहेस, पैशाचं नंतर बघू,’ असे चाचा म्हणतात. मग पाच पानांची वेबसाइट पंधरा पानांची होते, आणि ते ‘नंतर’ काही येत नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण. म्हणून ‘चाचा, नातं राहावं म्हणूनच लिहून घेऊ,’ असे अदबीने सांगावे. कागदावर पाच गोष्टी पुरतात : पाने किती, मजकूर व फोटो कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा, काम कधी पूर्ण होणार, पैसे केव्हा. निम्मी रक्कम आधी आणि उरलेली वेबसाइट सुरू करण्यापूर्वी घ्यावी. दुसऱ्या वर्षापासूनच्या देखभालीचे शुल्कही तेव्हाच ठरवावे. नातेवाइकाला सूट द्यायची असेल तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट दाखवावी; कामाची किंमत तरी कळते.

गिऱ्हाईक कसे मिळवायचे?

आधी स्वतःची साधी वेबसाइट करावी, सोबत एक-दोन नमुने. दुकानदाराला तांत्रिक भाषा सांगू नये. त्याच्याच दुकानाचे पहिले पान मोबाइलवर करून दाखवावे. बहुतेक लोक वेबसाइट मोबाइलवरच उघडतात, तेव्हा ती तिथे पटकन उघडली पाहिजे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद मोफत करता येते. ती गिऱ्हाइकासोबत बसून करून दिली तर ओळख होते आणि पुढचे काम मिळते. मिठाईवाल्यांकडे रमजानच्या दोन महिने आधी जावे. रमजानात त्यांना मान वर करायला फुरसत नसते.

आपल्या मुलांकडे एक जादा गुण आहे : उर्दू आणि मराठी दोन्ही. उर्दू पान उजवीकडून डावीकडे लावावे लागते, नस्तालीक फॉन्ट नीट बसवावा लागतो. छापखान्याने इनपेज किंवा श्रीलिपीत केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो, नाहीतर वेबसाइटवर अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. उर्दू शाळा, मदरसे, प्रकाशक यांना हे काम जाणणारा माणूस सहज सापडत नाही.

ओले धान्य वर ठेवा

‘गूगलवर पहिला नंबर आणून देतो’ असे आश्वासन कधी देऊ नये. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आपल्या कामातले ओले धान्य म्हणजे फुकटात उतरवलेल्या चोरीच्या थीम आणि परवानगीशिवाय उचललेले फोटो. अशा थीममधून अनेकदा व्हायरस शिरतो आणि त्रास गिऱ्हाइकाला होतो.

सरकारी बाजूही अवघड नाही. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी कोणा एजंटला पैसे देऊ नयेत. महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. घरात बसून काम करणारी मुलगी रिकामी बसलेली नसते. तिच्या कामाचे तास ठरवून द्या, त्या वेळेत पाहुण्यांच्या चहासाठी तिला उठवू नका. आणि तिची कमाई तिच्याच खात्यात जमा होऊ द्या. कमावलेल्यावर स्त्रीचा हक्क कुरआनाने मान्य केला आहे.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या हाताला हुनर आणि कमाईत बरकत देवो. आमीन.