१.२१२ चा वर्णभेद

वैद्यकीय संशोधकाची थोरवी आता आकड्यांत मोजतात. त्याचे किती शोधनिबंध छापून आले आणि इतरांनी त्यांचा दाखला (म्हणजे सायटेशन) किती वेळा दिला, यावर पद, निधी आणि मान ठरतो. २००५ पासून त्यासाठी 'एच-इंडेक्स' नावाचे मापही आले आहे. शंभर निबंध असे, की प्रत्येकाचा दाखला निदान शंभरदा दिला गेला, तर त्या संशोधकाचा इंडेक्स शंभर. किडनीच्या विकारांत या मापाने अगदी वर असलेले नाव म्हणजे बोस्टनच्या टफ्ट्स वैद्यकीय केंद्राचे डॉ. अँड्र्यू लेव्ही. त्यांचा इंडेक्स शंभरच्याही पुढे आहे.

हा मान फुकटचा नाही. किडनी रक्त किती गाळते हे थेट मोजणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते. लेव्ही व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १,६२८ रुग्णांच्या माहितीवरून ते अंदाजाने काढण्याचे सूत्र दिले. पुढे ते सुटसुटीत झाले. रक्तातले क्रिएटिनिन, वय, स्त्री की पुरुष, एवढे कळले की झाले. २००९ मध्ये सुधारित सूत्र आले. आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली 'ईजीएफआर' म्हणून जो आकडा असतो, तो याच घराण्यातला.

पण त्या सूत्रात आणखी एक रकाना होता. रुग्ण कृष्णवर्णीय आहे काय? असेल तर आलेल्या उत्तराला १.२१२ ने गुणायचे! २००९ मध्ये हा गुणक १.१५९ झाला, गेला मात्र नाही. कारण काय दिले? कृष्णवर्णीयांचे स्नायू सरासरीने जास्त, म्हणून क्रिएटिनिन जास्त. त्याला आधार तुटपुंज्या अभ्यासांचा. १९९९ च्या नमुन्यात कृष्णवर्णीय होते सुमारे १२ टक्के. आणि आई कृष्णवर्णीय, बाप गोरा असेल तर त्या मुलाला कितीने गुणायचे? सूत्राकडे याचे उत्तर नव्हते.

वाचकहो, कागदावर हा गुणक निरुपद्रवी दिसतो. रुग्णाच्या जागी बसून पाहा. अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचे दिवस मोजले जातात ते ही क्षमता २० किंवा त्याखाली आल्यावर, नाहीतर थेट डायलिसिस सुरू झाल्यावर. गोऱ्या रुग्णाचे उत्तर १८ आले, तो रांगेत लागला. त्याच वयाच्या, तेवढ्याच क्रिएटिनिनच्या कृष्णवर्णीयाचे १८ गुणिले १.२१२, म्हणजे २१.८. तो रांगेबाहेर! ज्या समाजाचा लोकसंख्येतला वाटा सुमारे १३ टक्के आणि किडनी निकामी झालेल्यांत सुमारे एक तृतीयांश, त्याच समाजाची किडनी कागदावर अधिक धडधाकट ठरवली गेली.

या निबंधांचे दाखले हजारो वेळा दिले गेले आणि प्रत्येक दाखल्याबरोबर गुणकही पुढे सरकला. दाखला देणारा सूत्र वापरतो, ते तपासतोच असे नाही. किती जणांनी वापरले एवढेच ती संख्या सांगते. रांगेत कोणाची वर्षे बुडाली, याचा रकाना तिच्यात नाही. लेव्हींच्या मनात द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या माहितीत फरक दिसत होता. पण फरक दिसला की त्याचे कारण शोधायचे, की चामडीचा रंग लिहून मोकळे व्हायचे? जन्मावरून देहाचा गुण ठरवणारे शास्त्र आपण पिढ्यान्पिढ्या भोगले आहे.

प्रश्न विचारला गेला तो दाखल्यांच्या शिखरावरून नव्हे. बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयाने २०१७ मध्येच गुणक काढून टाकला. २०१९ मध्ये डॉ. न्वामाका एनेन्या यांनी सहकाऱ्यांसह 'जामा'तून आणि २०२० मध्ये डॉ. व्हेनेसा ग्रब्स यांनी त्यावर बोट ठेवले. दोघीही कृष्णवर्णीय किडनीतज्ज्ञ. वॉशिंग्टन विद्यापीठात तर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आवाज उठवला. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर देश पेटला, तेव्हा किडनीतज्ज्ञांच्या संघटनांना समिती नेमावी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये वर्णाचा रकाना नसलेले सूत्र प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांत एनेन्याही आहेत आणि लेव्हीही. लेव्हींनी सूत्र बदलायला हात लावला, हे त्यांच्या खाती जमा धरले पाहिजे.

जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतील रुग्णालयांना जुनी प्रतीक्षा यादी तपासून बुडालेले दिवस परत द्यावे लागले. मार्च २०२४ पर्यंत १४,३०० हून अधिक कृष्णवर्णीयांचा प्रतीक्षाकाळ दुरुस्त झाला, सरासरी दोन वर्षांनी! त्याआधीच जे गेले, त्यांचे काय दुरुस्त करणार?

नवे सूत्रही निर्दोष नाही. कृष्णवर्णीयांची क्षमता ते किंचित कमी दाखवते, इतरांची किंचित जास्त. सोबत सिस्टॅटिन-सी तपासले तर चूक घटते, पण ती तपासणी महाग. आणि ही सूत्रे बेतली ती प्रामुख्याने अमेरिका-युरोपातील माणसांवर. ज्याच्या अंगावर मांस नाही, ज्याच्या ताटात डाळसुद्धा रोज नसते, अशा आपल्या मजुराचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते. सूत्र त्याची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवू शकते. रिपोर्टवर मात्र त्याचाही आकडा त्याच सूत्राने छापून येतो.