टायलेनॉलची अर्धी गोष्ट



व्यवसायाच्या कुठल्याही ट्रेनिंगला बसा, दुपारच्या जेवणाआधी टायलेनॉलची गोष्ट येतेच. मी स्वतः ती निदान तीन व्हिडिओंत सांगितली आहे. आज तिच्याबद्दल थोडी तक्रार करायची आहे, कारण मी ती अर्धीच सांगत आलो.

आधी गोष्ट. सप्टेंबर 1982, अमेरिकेतलं शिकागो आणि आसपासचा भाग. टायलेनॉल ही तिथली घराघरातली वेदनाशामक गोळी, आपल्याकडे क्रोसिन असते तशी. कुणीतरी दुकानांतल्या बाटल्यांमध्ये सायनाइड भरलेल्या कॅप्सूल मिसळल्या आणि 7 माणसं मेली. कंपनी जॉन्सन अँड जॉन्सन, प्रमुख जेम्स बर्क. कंपनीने आधी ठरावीक बॅचेस परत घेतल्या, आणि काही दिवसांतच अख्ख्या देशातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या मागवल्या. मालाची किंमत 10 कोटी डॉलरच्या वर. जाहिराती बंद केल्या, लोकांना कॅप्सूलच्या बदल्यात टॅबलेट दिल्या. मग तिहेरी सील असलेलं पॅकिंग आणून त्याच वर्षी माल परत बाजारात उतरवला, आणि गेलेलं गिऱ्हाईक बऱ्यापैकी परत मिळवलं. आज औषधाची बाटली उघडताना आपण जे सील फोडतो ना, त्यामागे ही घटना आहे.

इथे ट्रेनर थांबतो, टाळ्या वाजतात. मीही थांबायचो.

पण एक गोष्ट बघा. 1982 मध्ये दोष कंपनीचा नव्हता. विष बाहेरच्या माणसाने घातलं होतं (त्या खुनांसाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही). बातमी टीव्हीवर होती, लोक घाबरले होते, आणि कंपनी स्वतःच पीडित होती. निर्णय महागडा होता, हिमतीचाही होता, मी नाकारत नाही. पण "चूक आमची आहे" असं म्हणायची वेळ बर्क यांच्यावर आली नव्हती.

ती वेळ पुढे आली. त्याच कंपनीच्या बेबी पावडरवरून. पावडरमधल्या टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉस होतं, आम्हाला त्यामुळे कॅन्सर झाला, असं म्हणत अमेरिकेत हजारो लोक कोर्टात गेले. 2018 मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की टाल्कच्या काही तपासण्यांत थोडं ॲस्बेस्टॉस सापडल्याचं कंपनीला कित्येक वर्षांपासून माहीत होतं. कंपनीने हे नाकारलं, आजही नाकारते. पावडर सुरक्षित आहे असंच तिचं म्हणणं. पण केलं काय? 2020 मध्ये अमेरिका आणि कॅनडात टाल्कची पावडर विकणं थांबवलं, इतर देशांत मात्र चालू ठेवलं. 2021 मध्ये एक वेगळी कंपनी काढली, हे सगळे दावे तिच्या गळ्यात बांधले आणि तिला दिवाळखोरीच्या कोर्टात उभं केलं. कोर्टाने ते मान्य केलं नाही. टाल्कची पावडर जगभरात बंद झाली ती 2023 मध्ये, तिच्या जागी मक्याच्या स्टार्चची आली.

ऑफिसात 1943 मध्ये लिहिलेलं तेच तत्त्वांचं पत्रक, ज्यात सगळ्यात पहिली जबाबदारी माल वापरणाऱ्यांची असं म्हटलंय. तेच पत्रक, तीच कंपनी. वागणं दोन तऱ्हांचं.

वकील सांगतील, कायद्याने त्यांना तसा हक्क होता. असेल. माझं मत असं, की बोट दुसऱ्याकडे असतं तेव्हा प्रामाणिक राहणं परवडतं. बोट स्वतःकडे वळलं की आधी वकील आठवतो, मग गिऱ्हाईक.

मला हे कळतं, कारण मीही तेच केलंय. ट्रेनर होण्याआधी माझा फरसाणचा छोटा धंदा होता. एका दिवाळीत शेवेचा एक घाणा जुन्या तेलात निघाला. पॅक करताना वास आला होता, खोटं कशाला बोलू. चाळीसेक किलो माल, तीन दुकानं, आणि कारागिरांचा बोनस द्यायचा बाकी. म्हटलं, दिवाळीत चार पदार्थांत खपून जाईल. खपलाही. कुणी आजारी पडलं नाही. फक्त त्यातल्या एका दुकानदार काकांनी पुढच्या महिन्यात माल घेतला नाही. विचारलं तर म्हणाले, "सध्या नको." भांडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मी वाईट माणूस होतो का? माहीत नाही. पण दोन गोष्टी माझ्याकडे नव्हत्या हे नक्की. एक, पाकिटावर बॅच नंबर. खराब शेव कुठली आणि चांगली कुठली हे मलाच सांगता आलं नसतं, म्हणजे परत घ्यायची तर सगळीच घ्यावी लागली असती. दुसरी, बाजूला ठेवलेले पैसे. गल्ल्यातला प्रत्येक रुपया कुणाला तरी द्यायचा होता. अशा माणसाला तुम्ही नीतिमत्ता शिकवून काय उपयोग? तो मान डोलावतो आणि पाकीट सील करतो.

म्हणून मसाला, लोणचं, लाडू, साबण, काहीही बनवत असाल तर लेबलवरचा बॅच नंबर इन्स्पेक्टरसाठी आहे असं समजू नका. साध्या वहीत लिहा: कुठल्या तारखेचा घाणा, कुठलं तेल, कुठल्या दुकानात किती पाकिटं. आणि एक अख्खा घाणा फेकून द्यावा लागला तर जेवढे पैसे जातील, तेवढे वेगळ्या खात्यात ठेवा. सुरुवातीला नाही जमणार. मग घाणा छोटा काढा, फेकता येईल एवढाच. माल वाढवायची घाई सगळ्यांनाच असते, त्यामुळे हा सल्ला कुणाला आवडत नाही.

ते काकांचं दुकान अजून चालू आहे. चार वर्षांपूर्वी मी जाऊन त्यांना ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं रे. तू सांगतोस का बघत होतो." मग चहा मागवला.